लक्ष अठ्ठ्याण्णव टक्के

कान बोलतो, हे मला वयाच्या एकावन्नाव्या वर्षी कळलं. तोपर्यंत माझी समजूत अशी की बोलायचं मी आणि ऐकायचं कानांनी. खैरगावच्या 'रेडिओ पांदण'वर एकोणीस वर्षं मी रोज सकाळी सहा ते आठ 'उठा खैरगावकर' हा कार्यक्रम करत आलो होतो. खैरगावकर खरोखर उठतात की नाही हे तपासायचं कुठलंही साधन माझ्याकडे नव्हतं. माझ्या समाधानाचं मुख्य कारण तेच होतं, हे आता लक्षात येतं.

साधन पुण्याच्या एका कंपनीने आणलं. राज्यातली पन्नासेक छोटी रेडिओ केंद्रं तिने चालवायला घेतली होती आणि कोणतं केंद्र खरंच ऐकलं जातं हे तिला जाणून घ्यायचं होतं. कंपनीच्या वतीने ऋजुता लिमये नावाच्या बाई स्टुडिओत आल्या. पदनाम 'श्रोता-जवळीक प्रमुख'. त्यांनी टेबलावर हरभऱ्याएवढा पिवळा मणी ठेवला आणि अतिशय सोप्या भाषेत मला घाबरवलं.

आपल्या आतल्या कानात, म्हणजे शंखासारख्या वळणाच्या त्या नळीत, केसासारखी टोकं असलेल्या पेशी असतात. आवाज आला की त्या नुसत्या ऐकत नाहीत, थरथरतात. त्या थरथरीचा एक बारीक प्रतिध्वनी कानातून उलटा बाहेर येतो. तान्ह्या बाळाला ऐकू येतं का, हे दवाखान्यात कित्येक वर्षं याच प्रतिध्वनीवरून तपासतात. पुढची गोष्ट नवी होती. माणूस लक्ष देऊन ऐकत असला की मेंदू या पेशींना वरून हुकूम पाठवतो आणि प्रतिध्वनी किंचित बदलतो. तो बदल आता मोजता येत होता. कानात घालायच्या मण्यातच रेडिओ, त्यातच सूक्ष्म मायक्रोफोन. मण्याचं नाव 'कानोसा'. कान उघडा आहे की ऐकतो आहे, हे तो सेकंदासेकंदाला केंद्राला कळवणार.

"म्हणजे तुमच्याकडे कोण किती लक्ष देतंय, हे तुम्हाला बोलता बोलताच दिसेल," लिमये बाई म्हणाल्या.

मी लग्न होऊन चोवीस वर्षं झालेला माणूस आहे. ही सोय नेमकी कुणाला हवी होती, हे मला कळलं नाही.

नियम मात्र कळला. तीन महिन्यांत सरासरी लक्ष साठ टक्क्यांच्या वर हवं. नसेल तर निवेदकाच्या जागी कंपनीचा यांत्रिक आवाज येईल. जिल्ह्यात चार ठिकाणी तो आलाही होता. तो चहा पीत नसे, खोकत नसे आणि वाढदिवसाच्या सगळ्या नावांचा उच्चार बरोबर करत असे.

खैरगाव तालुक्यात सहाशे बारा मणी मोफत वाटले गेले. वाटपाला कंपनीची पिवळी गाडी फिरली. मी गेलो नाही. पहाटे उठणाऱ्या माणसाला दुपारी झोपावं लागतं. त्या झोपेची किंमत पुढे मोजावी लागली.

पहिल्या सकाळी समोरच्या पडद्यावर हिरवी रेघ उगवली. मी खास ठेवणीतला विनोद सांगितला, जो मी दरवर्षी पोळ्याच्या सुमारास सांगतो आणि लोक मला बाजारात पुन्हा ऐकवतात. रेघ आडवी. पंचायत समितीच्या सभेची बातमी दिली. आडवी. तहसीलदारांच्या बदलीची अफवा बातमीसारखी सांगितली, तरी रेघ मेलेल्या माणसाच्या छातीवरच्या यंत्रासारखी सरळ. सात वाजून दहा मिनिटांनी स्टुडिओतला जुना फोन वाजला आणि ती सरळ रेघ धाडकन खाली पडली.

फोन देवकाबाईंचा होता. देवकाबाई नेहारे, कुंभारपुऱ्यात एकट्या राहतात, वय सत्तरच्या पुढे. एकोणीस वर्षं रोज सात दहाला त्यांचा फोन. गल्लीतला दिवा बंद आहे, नळ गढूळ येतो, शेजारच्याचा कोंबडा अवेळी आरवतो. मग गाणं लावायला सांगायचं आणि ते लागल्यावर त्यावरून बोलत राहायचं. त्या बोलत होत्या आणि मी रेघेकडे बघत होतो. रेघ जमिनीतून वर यायला तयार नव्हती.

चौथ्या दिवशी चमत्कार झाला. पाणीपुरवठ्याच्या सूचनेचा कागद सापडेना. मायक्रोफोन चालूच, आणि मी कागद चाळताना स्वतःशीच पुटपुटत होतो, "हो... हो... थांब जरा... आलं, आलं... हो..." रेघ उठली. ऐंशी टक्के. कागद सापडला, मी सूचना वाचली, रेघ बसली.

शास्त्रीय वृत्तीच्या माणसाने असल्या वेळी प्रयोग करायचा असतो. मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम कागद हरवला. ब्याऐंशी टक्के.

पुढच्या दोन महिन्यांत मी श्रोत्यांना जितकं ओळखलं तितकं आधीच्या एकोणीस वर्षांत ओळखलं नव्हतं. त्यांना बासरी आवडे, ढोलकी सोसत नसे. विनोदाला ते दाद देत नसत, पण बोलण्यातल्या मोठ्या मोठ्या विरामांना देत. कृषी विभागाचं पत्रक वाचताना 'सरकी' या शब्दावर रेघ टुणकन उडाली. सरकीच्या पेंडीला 'ढेप' म्हटल्यावर त्याहून वर. कापूस पिकवणाऱ्या तालुक्यात जोडउत्पादनांविषयी एवढी आस्था असावी, याचा मला अभिमान वाटला. मी 'सरकी : काल, आज आणि उद्या' ही सहा भागांची मालिका केली. लोकाग्रहास्तव ती अकरा भागांची झाली. लोकाग्रह म्हणजे रेघ.

फोन वाजला की मात्र रेघ दरवेळी पडायची. एक दिवस मी त्याची वायर भिंतीतून काढली. आठवड्याने भाजीबाजारात देवकाबाईंनी गाठलं. फोन लागत नाही म्हणाल्या. मी लाईनीत बिघाड असल्याचं सांगितलं. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं आणि मेथीची जुडी उचलली. मला वाटलं, एका म्हातारीसाठी साठ टक्के घालवता येत नाहीत. हिशेबाने ते बरोबरही होतं.

बाजारात इतर लोक मात्र कधी नव्हे ते कौतुक करू लागले. तुमच्यामुळे दूध वाढलं जी, असं मला एका आठवड्यात सात जणांनी सांगितलं. मालिकेतल्या तज्ज्ञांचा सल्ला कामी आला, असा मी अर्थ घेतला.

घरी परिस्थिती वेगळी होती. माझी बायको कुंदा कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते आणि माझा कार्यक्रम ऐकत नाही. घरात फुकट मिळतं ते बाहेरून कशाला आणायचं, हे तिचं जुनं मत. पण सवय तोंडाला लागते. मी घरीही थांबून थांबून, एकेक वाक्य दोनदा बोलू लागलो. एका संध्याकाळी मी स्वयंपाकघरात जाऊन म्हणालो, "हो... हो... चहा... चहा हवा जरा... हो..."

कुंदाने गॅस बंद केला. "अहो, मला ताप आलाय का? की मी बिथरलेय? तुम्ही माझ्याशी असं का बोलताय?"

मी म्हणालो, लोकांना हेच आवडतं. ती म्हणाली, कोणत्या लोकांना ते एकदा बघून या.

बघायची वेळ लवकरच आली. तिसरा महिना संपला तेव्हा सरासरी लक्ष निघालं एक्क्याण्णव टक्के. राज्यात पहिला नंबर. लिमये बाईंनी कळवलं की सत्काराला त्या स्वतः येतील आणि राज्यातल्या सर्वोत्तम श्रोत्याच्या अंगणातून थेट प्रसारण होईल. मणी क्रमांक ४१७, लक्ष अठ्ठ्याण्णव टक्के, तीन महिन्यांत एक दिवसाचा खाडा नाही. मणी नानाजी ढाबेकर यांच्या घरी नोंदवलेला होता.

नानाजी मला ओळखीचे. तीन एकर संत्रा, दोन म्हशी आणि कुठल्याही प्रश्नाला उत्तर देण्याआधी तंबाखू मळायची पद्धत. सत्काराच्या आदल्या दिवशी सकाळी कार्यक्रम आटोपून मी त्यांच्याकडे गेलो. ते गोठ्यात होते. मी म्हणालो, चारशे सतरा नंबर कुणाच्या कानात आहे? त्यांनी हनुवटीने दाखवलं.

म्हशीचं नाव कस्तुरी. डाव्या कानात पशुसंवर्धन खात्याचा पिवळा बिल्ला आणि त्याच्या आत, जुन्या लुगड्याच्या चिंधीने नीट बसवलेला पिवळा मणी. ती माझ्याकडे बघत होती. माझ्याकडे इतक्या एकाग्रतेने याआधी कुणी पाहिलं नव्हतं.

"नानाजी, हा माणसाच्या कानात घालायचा होता."

नानाजींनी तंबाखू मळली, चिमूट ओठात ठेवली. "सदाभाऊ, त्याच हप्त्यात बिल्लेवाले आले होते. थे पिवळे, हे पिवळे. थे फुकट, हे फुकट. थे कानात, हेबी कानात. आता तुमीच सांगा, माणसाच्या कानात घालाले सरकार काई फुकट देते का जी?"

मी विचारलं, आणखी कुणाकुणाच्या म्हशीला आहे? सगळ्याइच्याच हाये, ते म्हणाले. ज्यांच्याकडे म्हैस नाही त्यांनी गाईला घातला, दोघा-तिघांनी बकरीला. पाच-सहा शहाण्यांनी स्वतःच्या कानात घातला होता, त्यांना गावाने समजावून काढायला लावला. "आणि खोटं कायले बोलू, कस्तुरी आधी लाथ मारे. आता तुमचा आवाज आला की पान्हा सोडते. आमी तं म्हनलं, सदाभाऊनं जनावराइसाठी लय मनावर घेतलं."

घरी येऊन मी कुंदाला सांगितलं. तिचे नुसते खांदे हलत होते. मग डोळे पुसून तिने शिकवायला घेतलं. कानाचा हा प्रतिध्वनी सगळ्याच सस्तन प्राण्यांत असतो. म्हशीचा कान तर माणसाच्या कानाच्या पट्टीबाहेरचे, वरचे आवाजसुद्धा टिपतो. दुधाचं म्हणाल तर, ओळखीचा शांत आवाज ऐकला की मेंदूतून एक संप्रेरक सुटतं आणि पान्हा फुटतो. त्यात वैज्ञानिकदृष्ट्या काहीच चूक नाही.

"चूक कुठे आहे मग?" मी म्हणालो.

"तुम्ही फोनची वायर काढली, तिथे."

मला हे ऐकायचं नव्हतं. मला कार्यक्रम वाचवायचा होता. मी पुन्हा नानाजींकडे गेलो आणि आमचं ठरलं. उद्यापुरता मणी नानाजींच्या कानात. पांढरी टोपी घालून ते अंगणात बसतील, लक्ष देऊन ऐकतील. कस्तुरी मागच्या गोठ्यात, दार लावून. नानाजी लगेच तयार झाले. ऐकायचंच तं हाये, म्हणाले.

लिमये बाई पांढरे बूट घालून आल्या. अंगण सारवलेलं होतं, खाट टाकलेली होती, सहा वाजेपर्यंत पन्नास माणसं जमली होती. बाईंच्या हातात छोटा पडदा होता. त्यांनी नानाजींचा सत्कार केला, मी मायक्रोफोन घेतला आणि तालुकाभर थेट प्रसारण सुरू झालं. "नमस्कार... उठा खैरगावकर... हो... हो... आज आपण... ढाबेकरांच्या अंगणात..."

बाईंनी पडद्याकडे पाहिलं, मग नानाजींकडे, मग पुन्हा पडद्याकडे. मी वाकून बघितलं. चार टक्के.

नानाजी हात जोडून, डोळे मिटून, मान डोलावत ऐकत होते. त्यांच्याएवढ्या आदराने ऐकणारा माणूस मी पाहिला नाही. चार टक्के. मी घाईने सरकीवर आलो. तीन झाले.

मण्यात बिघाड असेल, असं मी म्हणणार तेवढ्यात मागून आवाज आला. कस्तुरीच्या कानात आज मणी नव्हता, पण मी भिंतीपलीकडे होतो आणि माझा आवाज तिला तसाही पोचत होता. एकदा हंबरली. दुसऱ्यांदा हंबरली. मग दार पडल्याचा आवाज झाला आणि दावं ओढत, खुंट्यासकट, ती गर्दीतून सरळ माझ्यापर्यंत आली. थांबली. डावा कान मायक्रोफोनकडे वळवला. मला जे येत होतं तेच मी म्हणालो. "हो... हो... थांब जरा..."

तिने पान्हा सोडला. दुधाच्या धारा बाईंच्या पांढऱ्या बुटांशेजारी सारवलेल्या जमिनीवर पडू लागल्या. कुणीतरी लगबगीने बादली आणून खाली लावली, कारण काही झालं तरी ते दूध होतं. बादलीत धार वाजायला लागली तेव्हा मला आठवलं की हे सगळं तालुकाभर ऐकू जातंय. नंतर कळलं, त्या क्षणी सहाशे अकरा मण्यांचं लक्ष शंभर टक्के होतं.

लिमये बाई खाटेवर बसल्या. त्यांनी मला फक्त एवढंच विचारलं, बाकीच्या तालुक्यांतही असंच असेल का? मी म्हणालो, बिल्लेवाले सगळीकडेच गेले होते. त्यांनी डोळे मिटले. त्यांच्या अहवालात त्यांनी लिहिलं होतं की ग्रामीण श्रोत्याला विनोद व चर्चा नको, संथ व पुनरुक्त आशय हवा. त्यावरून राज्यातल्या चाळीस केंद्रांवर चाळीस निवेदक गेला महिनाभर 'हो... हो...' करत होते.

बाई प्रामाणिक होत्या. त्यांनी खरं ते कळवलं. कंपनीने नियम लावला. मानवी श्रोत्यांचं लक्ष मोजता येत नाही, म्हणजे ते शून्य. सोमवारपासून 'उठा खैरगावकर' यांत्रिक आवाजात, आणि तोही माझ्याच. माझी एकोणीस वर्षांची रेकॉर्डिंग त्यांच्याकडे होतीच.

सोमवारी मी घरी बसून स्वतःला ऐकलं. चांगला बोलत होतो. एकदाही खोकलो नाही. मंगळवारी शेजाऱ्याने फाटकातून सांगितलं की आज कार्यक्रम छान झाला. बुधवारी बँकेत रोखपालाने तेच सांगितलं. एकोणीस वर्षं ज्यांच्यासाठी पहाटे उठलो, त्यांच्यापैकी एकालाही फरक कळला नव्हता.

म्हशींना मात्र सोमवारी सहा वाजून दोन मिनिटांनीच कळला होता. दुसऱ्या मिनिटाला रेघ शून्यावर आली. संध्याकाळी तालुक्याचं दूध घटलं. मंगळवारी आणखी घटलं. बुधवारी कस्तुरीने नानाजींना लाथ मारली. कारण कुंदाने शोधलं. यांत्रिक आवाज बनवताना कंपनीने काटकसर केली होती. माणसाला ऐकू येत नाही तो वरचा भाग कशाला साठवायचा, म्हणून कापून टाकला होता. माणसाला तो कधीच ऐकू आला नव्हता. म्हशीला माझा आवाज वाटायचा, तो तेवढ्याच भागामुळे.

"म्हणजे तुम्हाला खरं ओळखणारं कुणीतरी आहे," कुंदा म्हणाली. तिने हे प्रेमाने म्हटलं की कसं, ते मी अजून ठरवलेलं नाही.

गुरुवारी दूध संघाच्या अध्यक्षांनी पुण्याला फोन केला. शुक्रवारी लिमये बाईंचा मला आला. कंपनी आता मणी जनावरांसाठीच विकणार होती. खऱ्या आवाजाची गरज होती. सहा ते आठ, दोन्ही तास, हवा तितका संथ बोला. चाळीस तालुक्यांत माझाच आवाज जाईल. एवढा मोठा श्रोतृवर्ग राज्यात कुणालाच मिळाला नव्हता, आणि तो एकनिष्ठही होता. खोटं कशाला सांगू, मी अर्धा दिवस विचार केला.

मग फोन करून म्हणालो, सहा ते सात जनावरांचा. सात ते आठ मणी बंद, पडदा बंद आणि जुना फोन चालू. बाईंनी विचारलं, मग त्या तासाला कोण ऐकतंय हे तुम्हाला कसं कळणार? मी म्हणालो, नाही कळणार. त्या म्हणाल्या की त्यांच्या आईकडेही मण्याशिवायचा एक जुना रेडिओ आहे, आणि हो म्हणाल्या.

पुढच्या सोमवारी सात वाजता मी कस्तुरी आणि मंडळींचा निरोप घेतला, पडद्यावर माझा टॉवेल टाकला आणि वायर भिंतीत खोचली. नेहमीसारखा नमस्कार केला. एक बातमी दिली. पोळ्याचा विनोद सांगितला. समोर टॉवेल होता, टॉवेलने काहीच सांगितलं नाही. सात दहा झाले. फोन वाजला नाही. सात बारा झाले. मला भाजीबाजारातली मेथीची जुडी आठवली. सात पंधराला फोन वाजला.

"लाईन दुरुस्त झाली का जी?" देवकाबाई.

झाली, मी म्हणालो. बिघाड माझ्याच बाजूला होता, हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, ते त्यांना मेथी घेतानाच कळलं होतं. त्यांच्याकडे मणी नव्हता, म्हैसही नव्हती. जुन्या रेडिओवर त्यांनी तीन महिने सगळं ऐकलं होतं, सरकीचे अकराही भाग. आधी त्यांना वाटलं माझी तब्येत बरी नाही, मग लोकांनी सांगितलं की कार्यक्रम आता जनावरांचा आहे, तेव्हा त्या थांबल्या. जनावरांचं आटोपलं की आपलं लागेल, म्हणाल्या. मधले पाच-सहा दिवस मात्र मी फारच चांगला बोललो, असंही त्यांनी आवर्जून सांगितलं.

मी आभार मानले. हळूहळू, विराम घेत, सवयीने.

"सदाभाऊ, हा आताचा कार्यक्रम जनावराइचा का माणसाइचा?"

"माणसांचा, देवकाबाई... माणसांचा आहे... हो..."

"मंग जरा भरभर बोला. आमाले कोनी दावनीले बांधून नाई ठेवलं."